कोरडी विरी

अण्णा,

काल तुझं बारावं झालं. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून पंगत अंगणातच बसवली. माणसं जेवून उठली, पानं उचलली, आणि मी सवयीनं ओसरीच्या पायरीकडं बघितलं. तुझा डावा पाय नीट टेकलाय का, ते बघायला. पायरीवर कुणी नव्हतं. तरी माझी नजर पायरीवरच राहिली, शेवटी वैनी म्हणाल्या, "भावजी, आत या आता."

तू उठलास की मी तुझ्या मागं. तू परड्यात निघालास तरी मी काहीतरी निमित्त काढून मागं. तू वळायचा नाहीस, नुसतं म्हणायचास, "परसू, माज्या पायावर डोळं ठेवू नगंस. दृष्ट लागंल त्येला." मी म्हणायचो, मी कुठं बघतोय, मी गाय सोडायला चाललोय. गाय तर रानात असायची. तुला ते ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं, आणि आपण दोघं तसंच पुढं जायचो.

माझा स्वभावच काळजीचा. लहानपणी आई म्हणायची, परसूला दुधाचा पेला द्या, आधी सांडेल म्हणून रडेल आणि मग पिईल. वखारीत लाकडं मोजायचं काम मला मिळालं, तेव्हा तू सगळ्यांना सांगितलंस की सरकारला बरा माणूस गावला, ह्यो रात्रभर सागवान पळून जाईल म्हणून जागाच राहणार. सगळे हसले. मीही हसलो. पण अण्णा, त्या सुगीत तुझ्या अंगावरून वारं गेलं आणि त्यानंतर माझ्या काळजीला एकच पत्ता उरला.

खळ्यावर मळणी चालली होती. तू बैलांच्या मागं फिरत होतास आणि मध्येच खाली बसलास. मला वाटलं, विडी ओढायला बसलास. मग बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि डावा हात असा पडलेला, की तो तुझा नव्हेच. खाटेवर घालून घरी आणलं. गुंद गावच्या वैद्यांनी तेल दिलं, निर्गुडीचा शेक सांगितला, वैनींनी दोन्ही वेळ न चुकता केला. शिमग्यापर्यंत तुझी जीभ मोकळी झाली, आणि पहिलं धड वाक्य बोललास ते बैलांना वैरण घातली का हे. डावा हात लुळाच राहिला, तरी तू उभा राहायला लागलास. पण चालायचं म्हटलं की डाव्या पायाचं पाऊल लोंबायचं. मांडी उचलायचास, गुडघा उचलायचास, आणि पाऊल ओल्या फडक्यासारखं खाली. बोटं जमिनीला घासायची, अडायची, आणि तू पुढं कोलमडायचास. ओसरीपासून चुलीपर्यंत जायचं तर भिंत धरून.

आणि भादवा येणार होता.

भादव्यात आपल्या वाडीत नवं येतं. नव्या भाताची पहिली पेंढी कापायची, डोक्यावर घ्यायची, वहाळ ओलांडून रानातल्या देवाच्या दगडापर्यंत न्यायची. ती देवापुढं ठेवल्याशिवाय वाडीत कुणी नव्या तांदळाला शिवत नाही. हा मान आपल्या घराचा, आणि घरात थोरल्याचा. अनवाणी जायचं, बोलायचं नाही, पेंढी वाटेत टेकवायची नाही, आणि वाटेत कुणी अंगाला हात लावायचा नाही. थोरल्याला जमलं नाही तर धाकट्यानं उचलायची. पण एकदा धाकट्यानं उचलली, की थोरला जिवंत असला तरी मान परत त्याच्याकडं येत नाही.

खालच्या घरातला नारबाकाका ते सांगायलाच आला होता. मनात वाईट नव्हतं त्याच्या. "औंदा परसूला उचलू दे," म्हणाला. "पेंढी वाटंत पडली तर सगळ्या वाडीचं वंगाळ व्हईल." तू मान हलवलीस. तो गेल्यावर मला म्हणालास, "परसू, तू नवं उचललंस की मी ह्या घरात पावना."

मला तो मान नको होता. तुझ्या जिवंतपणी तर नकोच. पण खरं सांगू का, मला त्याहून जास्त भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. तू हट्टानं उचलशील, वहाळात पडशील, आणि सगळ्या वाडीसमोर मी तुला उचलून घरी आणीन. मग तू कधीच उठणार नाहीस. ती वहाळातली जागा मी इतक्या वेळा मनात बघितली होती, की प्रत्यक्षात तिथून जाताना मला तिथल्या दगडांचा राग यायचा.

म्हणून मी तुला बेळगावला नेलं. लोंढ्यापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. तू आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसलास आणि सबंध वाट मला म्हणत होतास, "ह्या गाडीला बी पाय न्हाईत, पन बग कशी पळती." डॉक्टरांनी तुझं पाऊल हातात घेतलं, वर केलं, सोडलं. ते पडलं. पुन्हा वर केलं. मग म्हणाले, पाय मेलेला नाही, पाऊल तेवढं स्वतःहून उचलत नाही. ते खाली पडू न देता धरून ठेवलं तर माणूस चालेल. त्यांच्या ओळखीच्या जीनगरानं एक जोडा करून दिला, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, वर पोटरीला चामड्याचा पट्टा. तो चढवून तू त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलास. भिंत न धरता. मी खांबाआड जाऊन रडलो. तू बघितलंस की नाही, ते मला कधी कळलं नाही.

घरी आलो आणि उंबरठ्याशीच अडलो. आपल्याकडं जोडा घालून माणूस जगतो तो वाटेवर आणि वखारीत. चुलीपाशी जोडा नाही, देवापाशी नाही, खळ्यावर नाही, उभ्या भातात नाही. बेळगावचा डॉक्टर भला माणूस, पण त्याला काय ठाऊक की इथं माणसाचं अर्धं आयुष्य अनवाणी जातं. तू उंबरठ्यावर बसून तो जोडा काढलास आणि पुन्हा भिंत धरलीस. वैनी चुलीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. तेव्हा भादवा फार लांब नव्हता.

विरीची कल्पना कुणाची, यावर आपण शेवटपर्यंत भांडलो. तू म्हणायचास तुझी, मी म्हणायचो माझी, आणि वैनी म्हणायच्या, दोघंबी गप ऱ्हावा, मी विरीत ताक प्यायला दिलं तवा तुमाला सुचलं. बहुतेक त्यांचंच खरं. पोफळीची झावळ गळली की तिच्या देठाकडचं रुंद, कातड्यासारखं पान म्हणजे विरी, बागाईतवाले कानडीत हाळे म्हणतात. ओली असताना हवी तशी वळते आणि वाळली की त्याच आकारात कडक राहते. द्रोण होतात, टोप्या होतात. मग पायाचा आधार का होऊ नये? चामडं नाही, लोखंड नाही, झाडाचंच पान.

पहिली विरी केली त्याची आठवण आली की अजून हसू येतं, परवा तुझ्या दिवसांत बसलेलो असतानाही आलं. रात्रभर वहाळात भिजवलेली विरी तुझ्या पोटरीमागून टाचेखाली घेतली, केवणीच्या सालीच्या दोरीनं घट्ट बांधली, आणि वाळेपर्यंत हलू नकोस म्हणून तुला खाटेवर निजवलं. दुसऱ्या दिवशी सोडून बघतो, तर निजल्यावर पाऊल जसं खाली पडलेलं होतं, तस्संच्या तस्सं विरीत वाळलेलं! ज्याला वर धरायचं, त्याला आपण खाली पक्कं करून ठेवलं होतं. मी कपाळाला हात लावला. तू ती हातात घेऊन उलटसुलट केलीस आणि म्हणालास, "आगं बया, ह्या विरीवरनं बी वारं गेलं की!" वैनी चुलीपुढं बसून इतक्या हसल्या की भाकरी करपली. वारं गेल्यापासून या घरात कुणी तसं हसलं नव्हतं.

मग तुला पाटावर बसवलं, पाऊल पाट्याच्या दगडावर सपाट, गुडघा काटकोनात, आणि तसंच वाळू दिलं. टाचेच्या वळणावर विरी फाटायची, तिथं वेत घातला. मागं बांबूची कामटी घातली. खाली तळपायाच्या मधोमध तेवढी एक पट्टी, टाच आणि बोटं उघडी, मातीला लागणारी. तू उठलास. पाऊल पडलं नाही. भिंतीपासून हात काढलास आणि थेट स्वयंपाकघरात गेलास, चुलीपर्यंत, आणि तिथं उभा राहून म्हणालास, "काय जेवायला?"

वैनींनी उलथनं उगारलं. "पायातलं भाईर काडा आदी!"

"पायातलं न्हाई हे," तू म्हणालास. "पाय हाय."

तिथून तो वाद सुरू झाला, वाहण की पाय. मी वैनींच्या बाजूचा. मी म्हणायचो, अण्णा, जे बांधता येतं आणि सोडता येतं ते वाहण. तू म्हणायचास, ज्याच्याबिगर उभं ऱ्हाता येत न्हाई ते माझं अंग. मी म्हणायचो, मग काठीही अंग. तू म्हणायचास, काठी मी कुनालाबी देईन, हे देऊन बघ कुनाच्या पायात बसतंय का. हे खरं होतं. ती तुझ्याशिवाय कुणाच्याच पायात बसत नव्हती, मी घालून बघितली होती.

पण वाद घरात राहिला नाही. नव्याला अनवाणी जायचं, मग हे चालतं का? नारबाकाकानं विचारलं, वाडीनं विचारलं, शेवटी देवालाच विचारायचं ठरलं. गुरवानं वाडीतल्या देवळात दगडावर पाणी शिंपडून दोन बाजूंना पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पाय, डावी पडली तर वाहण. सगळे बसलो. हवा अशी ओली की पाकळ्या वाळेनात, वाळल्या नाहीत म्हणून पडेनात. मी हात जोडून बसलो होतो आणि मला कळत नव्हतं, कुठली पडावी म्हणून मागावं. उजवी पडली तर तू वहाळात उतरणार. डावी पडली तर तू घरात पाहुणा. असं कधी देवासमोर बसलो नव्हतो, की मागायचं काय तेच ठाऊक नाही. गुरव घामाघूम झाला. तेव्हा तू उठलास.

"देव इचारात पडलाय," म्हणालास. "पडू दे. तंवर मी जाऊन येतो."

गुरव म्हणाला, देव गप हाय म्हंजे न्हाई म्हनलेला न्हाई. आणि तसंच ठरलं.

एक गोष्ट तुला आणि मला ठाऊक होती, देवाला आणि वाडीला नव्हती. विरी भिजली की मऊ पडते. अंगणात चालायला, खळ्यावर फिरायला ठीक. पण वहाळाला गुडघाभर पाणी, आणि पलीकडं देवापर्यंत चढाची वाट. म्हणून मी दुसरी विरी केली, तशीच, त्याच मापाची, चुलीवरच्या माळ्यावर खडखडीत वाळवलेली. एका हातानं आणि दातानं दोरी बांधायची सवय तू रोज करत होतास, मी दाराआडून बघत होतो. ठरलं असं की मी इरल्याखाली कोरडी विरी घेऊन मागं येणार आणि पाण्यापलीकडं बदलायची.

किती साधं वाटत होतं. आपण दोघं शहाणे, एवढं लक्षातच आलं नाही, की डोक्यावरची पेंढी धरायला तुला एकच हात आहे आणि पेंढी खाली टेकवायची नाही.

ते माझ्या लक्षात आलं ते नव्याच्या दिवशी, तू पेंढी घेऊन पाण्याच्या मध्यावर असताना. तू पलीकडं चढलास, दोन पावलं टाकलीस, आणि मला दिसलं, पाऊल लोंबायला लागलंय. बोटं चिखलाला घासली. तू थांबलास. काठावर सगळी वाडी. मी धावत आलो, खाली बसलो, इरल्याखालून कोरडी विरी काढली आणि तुझ्या पायाकडं हात नेला. तुला वाकता येत नव्हतं. मीच बांधणार होतो.

तू मान हलवलीस. नाही.

मला क्षणभर समजलं नाही, आणि मग समजलं. पेंढी नेणाऱ्याच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही. वाहण असती तर मी सोडली असती, दुसरी बांधली असती. पण तू सगळ्या वाडीपुढं, देवापुढं म्हणाला होतास की हा पाय आहे. पायाला मी कसा हात लावणार? आणि लावला, तर वाहण घालून आलास असं होणार. तू वरून माझ्याकडं बघत होतास, आणि त्या बघण्यात राग नव्हता, विनवणी होती. मी हात मागं घेतला.

मग तू निघालास. मांडी वर, आणखी वर, चिखलातून रेडा पाय उपसतो तसा. मऊ पडलेली विरी पावलाखाली दुमडत होती. अंगठा दगडाला लागून रक्त आलं, ते पावसानं धुतलं, पुन्हा आलं. मी मागून चालत होतो, हातात कोरडी विरी, आणि ती कोरडी राहावी म्हणून मी ती छातीशी धरली होती, जणू तेवढं केलं की सगळं नीट होणार. तू एकदा कलंडलास. पेंढी डोक्यावरून सरकली. वैनींनी तोंडावर पदर घेतला. तू सावरलास. देवाच्या दगडापुढं पेंढी ठेवलीस, आणि मग तिथंच बसलास. नारबाकाका सगळ्यांच्या आधी पुढं आला आणि त्यानं तुझा अंगठा आपल्या मुंडाशानं पुसला.

त्या दिवशी मी तुझ्याशी बोललो नाही. मला राग आला होता. जीव गेला असता त्या हट्टापायी, असं मी मनात म्हणत होतो. जेवताना तू म्हणालास, "परसू, तू हात मागं घेतलास ते बरं केलंस." मी उत्तर दिलं नाही. आज देतो. अण्णा, तुझ्यामुळं मी या घरात धाकटा राहिलो. त्यानंतर दर भादव्यात तूच नवं आणलंस. पुढं वहाळावर ओंडका टाकून साकव केला, विरीला मेण लावायला शिकलो, ती भिजायची कमी झाली. आणि मी दरवेळी मागून कोरडी विरी घेऊन आलोच. तू म्हणायचास, "पायाला कुनी बदली पाय घेऊन फिरतंय व्हय रे?" म्हणजे बघ, वाहणच की, मी म्हणायचो. वाद तिथंच सुटायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायचो.

श्रावणात दुसऱ्यांदा वारं आलं आणि या वेळी थांबलं नाही. सकाळी गेलास. तुला आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं, आणि खालच्या घरातला कुणीतरी म्हणाला, पायातलं काढा, सरणावर वाहण चालत नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी आयुष्यभर वैनींच्या बाजूनं बोललेला माणूस. मी म्हणालो, "ते पायातलं न्हाई. पाय हाय." नारबाकाका म्हणाला, "व्हय."

तुला उचलायला वाकलो, तर वैनी आतून आल्या. माळ्यावरची विरी त्यांच्या हातात होती, कोरडी, खडखडीत. त्यांना स्मशानापर्यंत येता येणार नव्हतं, म्हणून उंबरठ्यावरच थांबल्या. म्हणाल्या, "भावजी, वाटंत पानी लागतंय म्हन्त्यात. हीबी ऱ्हाऊ द्या जवळ."

मी ती तुझ्या उजव्या हाताशी ठेवली, दोरी बाहेर काढून, म्हणजे तुला शोधावी लागू नये. मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. बदली पाय देतोयस, म्हणजे शेवटी वाहणच म्हणालास. म्हण.

भाताला लोंब्या धरल्यात. काही दिवसांत मला पेंढी उचलायची आहे, दोन धड पायांनी, साकवावरून. मागून कोण येणार, तेही ठाऊक नाही. पण ते माझं मी बघीन.

तू पाण्यात घाई करू नकोस. दगड बघून पाय टाक. पलीकडं पोचलास की आधी कोरड्यात उभा राहा, तिथं पेंढी नाही, हात मोकळा आहे, आणि एका हातानं आणि दातानं तुला येतं, मी बघितलंय. ओली सोड आणि ही बांध. घट्ट बांध, अण्णा. मी मागं नाही.